‘समन्वय साधावा’ म्हणजे नेमकं कोणी काय करायचं?

मे महिना उतरणीला लागला की प्रत्येक नगरपरिषदेतून एक आदेश निघतो. विषय ठरलेला: मान्सून कालावधीत आपत्ती व्यवस्थापनासाठी अधिकारी व कर्मचारी यांच्या नेमणुका. वर पाच-सहा संदर्भ, मध्ये तक्ता, खाली मुख्याधिकाऱ्यांची सही, आणि प्रती जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, पोलीस ठाणे यांना. फाइल गेल्या वर्षीचीच असते, साल बदललेलं असतं. घाईत तेही राहतं आणि मग निवृत्त झालेल्या स्वच्छता निरीक्षकांची नेमणूक पुन्हा एकदा होते.

या आदेशात तीन क्रियापदं हमखास सापडतात: ‘समन्वय साधावा’, ‘दक्षता घ्यावी’, ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’. आदेश हातात आला की पहिलं काम लाल पेनने ही तिन्ही खोडायचं. ती भाषा म्हणून वाईट आहेत असं नाही. पण त्यांतून रात्री दोन वाजता उठून कोणी कुठे जायचं हे कळत नाही. सकाळी ‘हे तुम्ही का केलं नाही’ असंही कोणाला विचारता येत नाही. त्यामुळेच ती सगळ्यांना आवडतात.

‘पाणीपुरवठा अभियंता यांनी पूरस्थितीत पाणीपुरवठा सुरळीत राहील याची दक्षता घ्यावी’ ही ओळ घ्या. हीच ओळ कामाची करायची तर अशी होईल: ‘पुलाच्या खांबावरील पट्टीवर पाणी ४.५ मीटरला लागले की जॅकवेलवरील (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवरील) पंपचालक दोन्ही पंप बंद करेल, पॅनेलचा मेन स्विच पाडेल, काढता येण्याजोगे स्टार्टर वरच्या मजल्यावर नेईल आणि नियंत्रण कक्षाला वेळेसह कळवेल. पंपचालक नसल्यास जुन्या टाकीवरील व्हॉल्व्हमन. यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.’ ओळ लांबली, पण आता पंपचालकाला साहेबांच्या फोनची वाट बघायची नाही. पंप चालू असतानाच पॅनेल बुडालं तर मोटार जळते, ती रिवाइंड करून वाळवून पुन्हा बसवेपर्यंत गाव आठवडाभर टँकरवर जातं. वेळेत बंद केलं तर पाणी उतरल्यावर पॅनेल तपासून पंप पुन्हा सुरू करता येतो.

ड्युटीच्या प्रत्येक ओळीला सहा प्रश्न विचारायचे. कशावरून सुरू करायचं? कोण करेल, आणि तो नसला तर कोण? किती वेळात? हातात काय घेऊन, आणि त्या वस्तूची किल्ली कोणाकडे? झाल्यावर कोणाला कळवायचं? आणि कोणाला न विचारता करायचं? शेवटचा प्रश्न बहुतेक आदेशांत नसतोच, आणि पुराच्या रात्री सगळा खोळंबा तिथेच होतो.

आधी कायद्याचा सांगाडा, थोडक्यात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कलम ४१ स्थानिक प्राधिकरणाची कामं सांगतं: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, साधनसामग्री कायम सज्ज, आपल्या हद्दीत मदत आणि पुनर्वसन. २०२५ च्या दुरुस्तीने शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय झाली, पण ती राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिकांची शहरं यांच्यासाठी. नगरपरिषद आणि नगरपंचायत त्यात नाही. म्हणजे चाळीस हजारांच्या आतल्या ‘क’ वर्ग गावाला स्वतःचं प्राधिकरण नाही. त्याने जिल्ह्याच्या आराखड्यात आपली पानं नीट लिहायची आणि तहसीलदारांच्या हाताखाली काम करायचं. तालुक्याच्या पातळीवर घटनेची सूत्रं प्रांत किंवा तहसीलदारांकडे असतात. गावातला पंप, नाला, जेसीबी, शाळेची किल्ली आणि सफाई कामगार मात्र मुख्याधिकाऱ्यांकडे. ही दोन माणसं एकमेकांना नावाने फोन करू शकतात की नाही, यावर बरंच काही ठरतं.

त्याच कायद्याचं कलम ५६ असं की नेमून दिलेलं काम करायला अधिकारी नकार देईल किंवा परवानगीशिवाय सोडून जाईल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. आदेशाच्या शेवटी हे कलम धाक म्हणून टाकायची पद्धत आहे. पण काम लेखी नसेल, त्याची पोच नसेल, तर ते कलम कागदावरच राहतं. म्हणून प्रत्येकाला त्याची स्वतःची एक ओळ वेगळ्या चिठ्ठीवर द्यावी आणि सही घ्यावी. अठरा पानांचा आदेश ग्रुपवर टाकला आणि खाली चाळीस अंगठे आले, ही पोच नव्हे.

आता माणसांचं गणित. एक जून ते तीस सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर एका खुर्चीच्या ३६६ पाळ्या. नियंत्रण कक्षात रात्री एकटा माणूस बसवून उपयोग नाही, कारण फोन उचलणारा आणि बाहेर पाठवायचा माणूस एकच असला तर तो बाहेर गेला की फोन वाजत राहतो. दोन खुर्च्या धरल्या की ७३२ पाळ्या. वीस जणांत वाटल्या तर माणशी ३६ ते ३७. छोट्या नगरपरिषदेत वीस लिपिक-शिपाई असतात कुठे? जे असतात त्यांतले काही बीएलओ (मतदार यादीचे केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून निवडणुकीच्या कामाला, काही घरपट्टीच्या वसुलीला. म्हणून तक्त्यात चोवीस तास लिहायचं आणि प्रत्यक्षात रात्री अकरानंतर कक्षाला कुलूप, असं होतं.

यावर उपाय साधा आहे. एरवीचा नियंत्रण कक्ष अग्निशमन केंद्रातच ठेवावा, तिथे तसंही चोवीस तास कोणीतरी असतं. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा आला, किंवा नदी ठरलेल्या खुणेला लागली, की दुसरी खुर्ची नगरपरिषदेच्या इमारतीत उघडायची. ही दुसरी खुर्ची टाळून चालत नाही. कॉल आला आणि बंब बाहेर गेला तर केंद्रात फोन उचलायला कोणी उरत नाही, आणि नेमके त्याच वेळी पुढचे दहा कॉल येतात. पाळ्या सात, तीन आणि अकरा अशा ठेवाव्यात. रात्री बारा वाजता पाळी बदलायची म्हटलं तर बस नाही, रिक्षा नाही, येणारा उशिरा येतो आणि जाणारा वाट न बघता जातो.

कक्षाचा नंबर कोणाचा वैयक्तिक मोबाइल नसावा. नगरपरिषदेच्या नावावरची दोन सिमकार्डं घ्यावीत, वेगवेगळ्या कंपन्यांची, आणि त्यांचं रिचार्ज कधी संपतं ते लेखा विभागातल्या एका लिपिकाच्या चिठ्ठीवर लिहावं. हसू येईल, पण फलकावर छापलेला नंबर जुलैत ‘सेवेत नाही’ असं सांगतो त्याचं कारण बहुतेक वेळा प्रीपेड रिचार्ज एवढंच असतं. त्याच फलकावर जिल्हा कक्षाचा १०७७, एकत्रित मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हेही हवेत.

नोंदवहीबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळं नंतर तिच्यावरच उभं राहतं. लांब आडवी वही, पानांना क्रमांक, सुटी पानं नाहीत. रकाने सात: वेळ, फोन करणाऱ्याचा नंबर, ठिकाण, काय घडलं, कोणाला सांगितलं, किती वाजता सांगितलं, पुढे काय झालं. शेवटचा रकाना रिकामा असलेली नोंद म्हणजे उघडी नोंद. पाळी बदलताना लाल रेघ ओढायची, रेघेखाली उघड्या नोंदींचे क्रमांक लिहायचे, जाणाऱ्याची आणि येणाऱ्याची सही. ठिकाण लिहिताना ‘बाजारपेठ’ एवढं लिहून भागत नाही. ‘बाजारपेठ, जुन्या पोस्टासमोरची गल्ली, पिठाच्या गिरणीशेजारी’ असं लागतं. रात्री अंधारात, गुडघाभर पाण्यात, गल्ल्यांच्या पाट्या दिसत नाहीत. गिरणी कुठे आहे ते मात्र प्रत्येक मुकादमाला ठाऊक असतं.

मग येतो संकेत. कशावर धावायचं? हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. पण हा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजला जातो आणि इशारा सगळ्या जिल्ह्याला असतो. जिल्ह्याला रेड असताना गावात ऊन पडतं आणि यलो असताना दीड तासात नाले उलटतात. गावाच्या नाल्यांना चोवीस तासांच्या बेरजेपेक्षा तासाचा आकडा महत्त्वाचा. अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर एक साधं पर्जन्यमापक ठेवावं आणि इशाऱ्याच्या दिवशी दर तासाला वाचावं. तासात ३० मिलिमीटर ओलांडले की आरोग्य विभागाचा मुकादम सखल भागातल्या गटारांच्या ठरलेल्या जाळ्यांवर माणसं पाठवेल, अशी ओळ लिहावी. तीस हा आकडा देववाणी नाही. गावाच्या उतारावर आणि नाल्यांच्या तोंडावर तो बदलतो, दोन पावसाळ्यांच्या नोंदी ठेवल्या की आपला आकडा आपल्याला सापडतो.

नदीकाठच्या गावांना दुसरा संकेत पातळीचा. सांगलीकरांना आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ फूट पाठ असतात, कोल्हापूरकरांना राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३. पहिला आकडा इशाऱ्याचा, दुसरा धोक्याचा. चिपळूणला वाशिष्ठीसाठी ५ आणि ७ मीटर धरतात. पण देशावरचं गणित कोकणात तसंच चालत नाही. कृष्णा-पंचगंगेचं पाणी तासातासाने इंचांत चढतं, हातात दिवस असतो. वाशिष्ठीचं खोरं लहान आणि उतार तीव्र, त्यात कोयनेच्या वीजगृहांतून कोळकेवाडी धरणामार्गे येणारं पाणी आणि खाडीची भरती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली होती. अशा गावातल्या कक्षाच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवंच, आणि एका माणसाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेलं हवं: दर दोन तासांनी धरणाच्या आणि वीजगृहाच्या कक्षाला आपणहून फोन करून विसर्गाचा आकडा वहीत लिहिणे. त्यांच्याकडून फोन येईल अशी वाट बघणारी ओळ लिहू नये.

पट्टी वाचणारा माणूस हा अख्ख्या आदेशातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा. पट्टी पुलाच्या खांबावर रंगवलेली असते. दोन पावसाळ्यांत रंग शेवाळाखाली जातो आणि रात्री टॉर्चच्या उजेडात ४ आणि ६ सारखेच दिसतात. मेमध्ये ती घासून पुन्हा रंगवावी, आकडे वीतभर उंचीचे, दर अर्ध्या मीटरला वेगळा रंग. पूल बंद झाल्यावर ती कुठून वाचायची हेही आधीच ठरवावं. नाहीतर पाणी सगळ्यांत महत्त्वाच्या टप्प्याला असतानाच नोंदी थांबतात.

नावं लिहिण्याआधी एक नकाशा करावा, आणि हा नकाशा कर्मचाऱ्यांच्या घरांचा. कोण नदीच्या कोणत्या बाजूला राहतो? कोण रोज जिल्ह्याच्या गावाहून अप-डाउन करतो? वरच्या संवर्गातले अधिकारी बदलीने आलेले असतात, मुलांच्या शाळांमुळे घर मोठ्या गावात ठेवलेलं असतं. संध्याकाळी सहाला गाडी सुटते आणि पूर रात्री येतो. रस्ता बंद झाला की नगर अभियंता पस्तीस किलोमीटरवर अडकतो. यात त्याला दोष देऊन काही मिळत नाही. रात्रीची पहिली ओळ गावात राहणाऱ्याच्या नावे लिहावी, मग तो कनिष्ठ लिपिक का असेना, आणि ऑरेंज इशारा आला की अप-डाउनवाल्यांनी त्या रात्री गावातच मुक्काम करायचा, हेही आदेशातच असावं. मुक्कामाची खोली आणि जेवण कोण बघेल तेही.

त्या नकाशात दुसरी गोष्टही दिसते. ज्यांच्या भरवशावर सगळं उभं आहे ते सफाई कामगार बहुतेकदा नदीकडेच्या वसाहतीत राहतात. गावात पाणी शिरतं तेव्हा आधी त्यांच्याच घरात शिरतं. पहाटे चारला मुकादम फोन करतो आणि माणूस स्वतःच्या पोरांना खांद्यावर घेऊन पाण्यात उभा असतो. त्यामुळे स्थलांतराच्या यादीत ही वसाहत पहिल्या क्रमांकावर हवी. दया म्हणून नाही. ती हलली तरच बाकीच्यांना हलवायला हात मिळतात.

पर्यायी माणूस लिहिताना एक चूक सर्रास होते: मूळ आणि पर्यायी दोघंही एकाच विभागातले, एकाच गल्लीत राहणारे, एकाच रजेवर जाणारे. श्रावणात गावाकडे जत्रा असली की दोघंही नाहीत. तीन नावं हवीत आणि तिसरं दुसऱ्या विभागातलं. शिवाय मे-जूनमध्ये बदल्या होतात. नेमणुका पदनामाने केल्या तर नव्या अधिकाऱ्याला आपली ड्युटी ऑगस्टमध्ये कळते. नावाने केल्या तर बदलीनंतर ओळ अनाथ होते. दोन्ही लिहायचं: पदनाम, नाव, मोबाइल. आणि कार्यमुक्त करतानाच्या पदभार यादीत ‘आपत्ती ड्युटी चिठ्ठी’ ही एक बाब घालायची, म्हणजे जाणारा ती येणाऱ्याच्या हातात देऊनच जाईल. मुख्याधिकाऱ्यांकडे शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार असेल तर त्यांच्या गैरहजेरीत निर्णय कोण घेणार, हे नावानिशी लिहिलेलं असलंच पाहिजे.

निर्णयाचा अधिकार म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी: लोकांना घराबाहेर काढणं, वीज तोडणं आणि पैसे खर्च करणं.

स्थलांतराचा औपचारिक आदेश महसूलकडून येतो, पण शाळा उघडायला त्याची वाट बघायची नसते. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याबाहेर, हा नेहमीचा घोळ. दुसरी किल्ली जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रभागाच्या मुकादमाकडे द्यावी आणि ती कुलपाला लागते का, हे प्रत्यक्ष लावून बघावं. शाळेची क्षमताही खरी मोजावी. आराखड्यांत ‘१० वर्गखोल्या, क्षमता ५००’ असं सर्रास लिहितात. निवारा केंद्रात माणशी साडेतीन चौरस मीटर धरायचे असतात. २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर, त्यात तेरा माणसं. दहा खोल्यांत १३०. एका रात्रीपुरती दाटी चालते हे मान्य, पण शौचालयांचं काय? तीस माणसांना एक असा हिशेब आहे, आणि शाळेत चालू अवस्थेत असतात दोन-तीन, तीही मुलांच्या उंचीची. केंद्राच्या ड्युटीत ‘शौचालयाला पाणी’ ही स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र माणूस लागतो. वीज गेली की गच्चीवरची टाकी भरत नाही, टँकर खालच्या पिंपांत ओतावा लागतो, त्यासाठी दोनशे लिटरची चार पिंपं आधीच तिथे हवीत.

विजेबाबत दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळतात. घरगुती फीडर (वीजवाहिनी) महावितरणचा, पथदिवे नगरपरिषदेचे. पाणी रोहित्राच्या चबुतऱ्याला लागण्याआधी फीडर बंद करा असं महावितरणच्या शाखा अभियंत्याला सांगणारा एकच माणूस असावा. दहा नगरसेवकांनी दहा फोन करून ‘बंद करा’ आणि ‘चालू करा’ सांगितलं की तोही गोंधळतो. पथदिव्यांचे फीडर पिलर, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजपेट्या, मात्र आपले. त्यांची त्रिकोणी किल्ली एका वायरमनच्या खिशात असते, आणि साचलेल्या पाण्यात खांबाला करंट उतरून माणूस जातो तो बहुतेक अशाच एखाद्या पिलरवरून. किल्लीच्या चार प्रती करा. एक नियंत्रण कक्षात.

पैशांचं कलम मुख्य. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ५८(२) खाली तातडीच्या प्रसंगी नगराध्यक्षांना विशेष अधिकार आहेत. हे कलम इतकं वापरलं आणि ताणलं गेलंय की नुसतं नाव घेतलं तरी लेखापाल सावध होतो. त्यामुळे जेसीबी, बोट, बिस्किटं, ताडपत्री, डिझेल यांचे दर मेमध्येच मागवून मंजूर करून ठेवावेत, म्हणजे पुराच्या रात्री नुसता फोन करायचा उरतो आणि ५८(२) खरोखर अनपेक्षित खर्चापुरतं राहतं. शिवाय रोखपालाच्या नावावर २५ हजारांच्या आसपास उचल (अग्रिम) आणि तीही रोख, शंभर-दोनशेच्या नोटांत. मोबाइलचा मनोरा गेला की यूपीआय नाही, एटीएम नाही. डिझेल पंपावर उधारीची चिठ्ठी चालते, पण वीज गेली आणि पंपाचा जनरेटर नसला तर डिझेलच निघत नाही. इशारा आला की आधी सगळ्या गाड्यांच्या टाक्या भरायच्या, ही ओळ वाहन विभागाच्या लिपिकाची.

जेसीबीची गंमत तर वेगळीच. तहसीलच्या यादीत, सार्वजनिक बांधकामच्या यादीत, पंचायत समितीच्या आणि नगरपरिषदेच्या यादीत जेसीबी कोणाचा? त्याच एका ठेकेदाराचा. चार कागदांवर चार जेसीबी, गावात एक. बोटवाल्यांचं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांचंही तेच. मान्सूनपूर्व आढावा बैठकीत सादरीकरण पुढे ढकलून चारही याद्या टेबलावर शेजारी ठेवाव्या आणि मोबाइल नंबर जुळवून बघावेत. अर्ध्या तासात खरी संख्या कळते. चालकाचं नाव मालकापेक्षा महत्त्वाचं. मालक फोन उचलतो, चालक परप्रांतातला असतो आणि आषाढात गावी गेलेला असतो.

साधनांच्या बाबतीत बोटीवर थोडं थांबायला हवं. रबरी बोट आणि ओबीएम यंत्र (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) मिळालेलं असतं, कागदावर ‘सुस्थितीत’. यंत्र टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. बहुतेक यंत्रांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, तरी आपल्या यंत्रावरची पाटी वाचावी. मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने डब्यात राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो आणि ऐन वेळी दोरी ओढून खांदा निखळतो, यंत्र काही सुरू होत नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी पिंपात पाणी भरून त्यात यंत्र दहा मिनिटं चालवायचं. कोरडं चालवलं तर पाणी खेचणारं रबरी इम्पेलर मिनिटभरात जळतं. बोटीच्या हवेच्या कप्प्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. लाइफ जॅकेट मोजताना पट्ट्याच्या चिमट्या लावून बघायच्या, उंदीर पट्ट्यांपासूनच सुरुवात करतात. आणि बोट चालवणारा कोण? फायरमनांपैकी दोघांना गावातल्या तलावावर नव्हे, वाहत्या पाण्यात सराव दिलेला हवा, आणि तोही जूनच्या आधी, नदी शांत असताना.

बंबाबद्दल एकच. साडेचार हजार लिटरची गाडी मिनिटाला ९०० लिटर सोडते म्हटलं तर पाच मिनिटांत रिकामी. बाजारपेठेत आग लागली की खरी ड्युटी पाणी भरून देणाऱ्याची. उंच टाकीखाली भरणा केंद्र असेल तर वीज नसतानाही उताराने पाणी मिळतं, भूमिगत टाकीवर नाही. त्या टाकीच्या व्हॉल्व्हमनचं नाव अग्निशमनच्या तक्त्यात हवं, पाणीपुरवठ्याच्या फाइलमध्ये असून उपयोग नाही.

दोन विभागांच्या मध्ये पडणारी कामं शोधणं ही वेगळीच कला. जाहिरात फलकाचा परवाना कर विभाग देतो, सांगाड्याची मजबुती बांधकाम विभागाने बघायची. १३ मे २०२४ ला घाटकोपरचा फलक कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून सगळीकडे यादी मागवतात, पण यादी कोणी करायची यावर दोन टेबलांत पत्रव्यवहार सुरू होतो. धोकादायक इमारतींना नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ ची नोटीस जाते, पण रेड इशाऱ्याच्या रात्री त्या इमारतीच्या दारात जाऊन लोकांना बाहेर यायला कोण सांगणार, ते कुठेच लिहिलेलं नसतं. अशा प्रत्येक कामाला एकच नाव द्यायचं. तो चुकीच्या विभागातला असला तरी चालेल, दोन विभाग असण्यापेक्षा बरं.

नगरसेवकांना तक्त्यात कुठे घालायचं हा नाजूक प्रश्न. अनेक गावांत काही वर्षं प्रशासकच होते, त्यामुळे जुने तक्ते त्यांच्याशिवायचे आहेत. प्रभागात कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, कोणाला डायलिसिस आहे, कोण गरोदर आहे, हे त्यांना आणि आशाताईंना कोणत्याही नोंदवहीपेक्षा जास्त ठाऊक असतं. ती यादी त्यांच्याकडून मेमध्येच घ्यावी आणि लोकांना समजावून बाहेर काढायचं काम त्यांना द्यावं, ते त्यांना उत्तम जमतं. पण यंत्र आणि माणसं हलवायचे आदेश फक्त कक्षातून. नाहीतर एकाच जेसीबीला तीन प्रभागांतून बोलावणं येतं आणि तो चौथ्या रस्त्यात अडकतो.

पाणी उतरलं की खरी दमछाक सुरू होते आणि तक्ता मात्र तिथे संपलेला असतो. पहिल्या रात्री जागलेलीच माणसं दुसऱ्या दिवशी चिखल काढतात. निम्म्या कामगारांना पहिल्या रात्री मुद्दाम झोपवून ठेवायचं, हे लिहिलेलं असलं तरच होतं. चिखलात उतरणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे, आणि लेप्टोच्या (दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधाची गोळी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने, त्याच दिवशी. मेलेली जनावरं कोण उचलणार आणि कुठे पुरणार, ती जागा नदीपासून लांब आणि आधी ठरलेली. पाणी चालू करण्याआधी टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: एक लाख लिटरला २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) मात्रा द्यायची तर क्लोरीन २०० ग्रॅम लागतं, म्हणजे ३३ टक्क्यांची पावडर सुमारे ६०० ग्रॅम. पण पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात ३३ टक्के उरत नाहीत, म्हणून वजनावर विसंबू नये, शेवटच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी) करून पिवळा रंग बघावा. पंचनामे तलाठी करतील, पण सोबत घर दाखवायला घरपट्टीचा लिपिक लागतो. त्याला चिखलाच्या कामातून त्या दिवशी मोकळा ठेवायचा.

तक्ता खरा आहे का हे तपासायला मोठ्या रंगीत तालमीची गरज नाही. जूनमधल्या एका रविवारी, न सांगता, सकाळी सहाला कक्षातून साखळीचे फोन सुरू करायचे. प्रत्येकाने पुढच्या तिघांना लावायचा, शेवटच्याने कक्षाला उलट फोन करायचा. पंधरा मिनिटांत किती नावं परत आली ते वहीत लिहायचं. जी आली नाहीत त्यांत बंद नंबर किती, झोपलेले किती आणि बदलून गेलेले किती, याची वेगळी नोंद. सोमवारी शुद्धिपत्रक काढायचं, सहीला त्याच दिवशी. जुलैच्या शेवटी हेच पुन्हा, पण रात्री.

आणि तीस सप्टेंबरनंतरची एक ओळ: ओबीएमच्या टाकीतलं पेट्रोल काढून टाकणे, गोड्या पाण्यात यंत्र चालवून धुणे, बोट सावलीत वाळवून टाल्कम पावडर मारून सैल गुंडाळणे. पहिलं नाव फायरमनचं, दुसरं वाहन विभागाच्या मेकॅनिकचं, मुदत १५ ऑक्टोबर.